गादीवाल्याचं गाणं बंद केल्याबद्दल

तीर्थरूप वन्सं यांना त्यांच्या एकुलत्या एका भावजयीचा, मांडीवरची शिवण बाजूला सारून केलेला साष्टांग नमस्कार.

(‘वन्सं’ वाचून हसू नका. एरवी मी तुम्हाला ताईच म्हणते, पण ताई म्हटलं की माझा सूर मऊ पडतो, आणि आज तो मऊ पडून चालणार नाही.) तुमची कंबर कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून दात बघायचे म्हणजे ती धरणारच. भाऊजींचा खोकला गेला असेल. नसला तर त्यांनी तो मुद्दाम जपून ठेवला असेल, कारण खोकल्याशिवाय घरात आपल्याला कुणी विचारत नाही असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. इकडचं क्षेमकुशल म्हणाल तर असं आहे, की ज्यांचं कुशल विचारायचं त्यांना बोलता येत नाही आणि ज्यांना बोलता येतं त्यांचं बोलणं ऐकवत नाही.

पत्र अशासाठी, की तुम्ही फोनवर बोलत नाही. तुमच्या बंधूंशी बोलत नाही हे मी समजू शकते. पण माझाही फोन तुम्ही ‘पेशंट आहे’ म्हणून ठेवून देता, आणि मेसेज केला तर अंगठा पाठवता. (अंगठा म्हणजे होकार, एवढं मला कळतं. तरी तो आला की बरं वाटत नाही.) इस्पितळाच्या जिन्यात तुम्हा बहीणभावाचं जे झालं, बाबांना तुम्ही न्यायचं की आम्ही ठेवायचं यावरून, त्यात मी पडले नव्हते आणि आताही पडत नाही. ‘यापुढे मला काही कळवू नका’ असं तुम्ही म्हणालात, ते तुमच्या बंधूंनी शब्दशः पाळलं. मी पाळत नाही. विषय साधा आहे, बाबांच्या कवळीचा, आणि कवळी तुम्हीच केलेली असल्यामुळे ती तक्रार दुसऱ्या कुणाकडे नेता येत नाही. पण कवळीपर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

बाबांची परिस्थिती तुम्हाला मेसेजमधून कळते ती औषधांच्या नावांपुरती. उजवं अंग गेलं ते गेलंच. वाचाही गेली. समजतं सगळं, आपण लपवलेलंही समजतं, फक्त बाहेर पडत नाही. बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत बसून सगळी हयात गाड्या पुकारण्यात गेलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याला काय म्हणायचं मला कळत नाही, आणि खरं सांगते, मला रडू येतं ते याच गोष्टीचं. घरातलं जेवणसुद्धा ते पुकारायचे, आठवतं ना? ‘जेवणाऱ्यांनी ताबडतोब आपापल्या जागा घ्याव्यात, उशिरा येणाऱ्यांची जबाबदारी व्यवस्थापनावर राहणार नाही.’ लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की हे कुटुंब वेडं आहे. आता ताटं वाढली की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि गुपचूप जेवून घेतो.

तुम्ही विचाराल, हाक मारायला घंटा नाही का लावली. लावली ना. तुमचे बंधू लिफ्ट तपासनीस, घंटा लावण्यात त्यांचा हात कोण धरेल? जुन्या लिफ्टमधली संकटकाळची लाल घंटा त्यांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर अगदी लेव्हल लावून बसवली. उजवीकडे. कारण लिफ्टमध्ये ती उजवीकडे असते. बाबांचा उजवा हात मेलेला, आणि डावा त्या भिंतीपर्यंत पोचत नाही. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा ‘रविवारी काढून डावीकडे लावतो’ असं ठरलं, आणि तो रविवार काही उजाडला नाही. त्याऐवजी यांनी आपला जुना लॅपटॉप बाबांच्या पोटावरच्या छोट्या टेबलावर ठेवला, जीव रमावा म्हणून. पहिल्याच पानावर पाच मोठमोठे चौकोन लावून दिले, म्हणजे डाव्या हाताने माउस कसाही ढकलला तरी बाण कुठल्या ना कुठल्या चौकोनावर पडावा. एक हवामानाचं पान. एक बातम्यांचं, जिथे कायम भांडणं चालतात. एक पाण्याच्या फिल्टरवाल्याचं, एक गाद्यांच्या दुकानाचं (ही दोन आम्ही बाबांसाठीच खरेदी करताना जपून ठेवली होती, ती तिथे राहून गेली), आणि पाचवं तुमच्या दवाखान्याचं.

या पाचही पानांची खोड एकच. चौकोनावर टिचकी पडून पान उघडलं, की आतला व्हिडिओ कुणाची वाट न बघता वाजायला लागतो. हवामानवाली ढगांवर घसरते, फिल्टरमधून खळखळा पाणी पडतं, आणि गादीवाल्याकडची ती बाई लाडात येऊन गाते, ‘झोपा हो झोपा, पाठीला जपा.’ मी पलीकडच्या खोलीत मशीनवर बसलेली. गाणं सुरू झालं की मी टाका अर्धा सोडून उठायची, तोंडाने त्या बाईचा उद्धार करत आत जायची, गाणं बंद करायची, आता आलेच आहे तर म्हणून बाबांची चादर बघायची, ओली असली तर बदलायची, कूस वळवून द्यायची आणि परत यायची. तासाभरात पुन्हा ती बाई. पुन्हा मी. एखाद्या दिवशी माझा इतका संताप व्हायचा की दुकानात जाऊन त्या गाद्या कात्रीने फाडाव्यात असं वाटायचं.

माझं एकवेळ सोडा, पण आमच्या खाली इस्पितळातल्या नर्सबाई राहतात. रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. मी जे गणवेश शिवते ते त्यांच्याच इस्पितळाचे, आणि ते काम मला त्यांनीच मिळवून दिलेलं, त्यामुळे माझ्या शिलाई मशीनच्या आवाजाला त्या काही म्हणू शकत नव्हत्या. गादीवालीला म्हणू शकत होत्या. एका दुपारी सुजलेले डोळे घेऊन वर आल्या. भांडतील म्हणून मी पदर खोचून तयार होते, पण त्या भांडल्याच नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, काल माझ्या हातून एका पेशंटला भलतंच इंजेक्शन जाता जाता राहिलं. मला झोप हवी हो.” मी नुसती मान हलवली.

मग तुमच्या बंधूंनी मोहीम हाती घेतली. जे थांबवता येत नाही असं यंत्र माणसाच्या वापराला द्यायचं नाही हा त्यांच्या खात्याचा नियम, आणि आपणहून सुरू होणारी कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी गुन्हेगार. आधी त्यांनी आवाज तळाशी नेला. बाबांचा पंजा कळांवर पडला आणि तो पुन्हा वर आला. मग आवाज येतो त्या भोकांवर कापूस लावून वर चिकटपट्टी मारली, तर ती बाई सर्दी झाल्यासारखी गायला लागली, आणि ते जास्तच भयंकर. शेवटी चष्मा कपाळावर चढवून ते ब्राउझरच्या सेटिंगमध्ये उतरले. तिथे ‘खासगीपणा’च्या पोटात, ‘परवानग्या’च्याही खाली, ‘ऑटोप्ले’ म्हणून एक ओळ सापडली. पर्याय तीन: सगळं वाजू द्या, नुसता आवाज अडवा, आवाज आणि व्हिडिओ दोन्ही अडवा. मधला घेतला असता तर निदान चित्रं तरी हलली असती. पण तपासनीस माणूस, मधला पर्याय त्यांना कच खाल्ल्यासारखा वाटला. त्यांनी तिसरा घेतला, तोही जगातल्या सगळ्या पानांसाठी. आता ज्याला ऐकायचं असेल त्याने व्हिडिओवरचा त्रिकोण दाबावा, हक्काने ऐकावं, असं त्यांनी बाबांना समजावूनही सांगितलं. (तो त्रिकोण वाटाण्याएवढा. थरथरता डावा हात तिथे पोचेपर्यंत पान भलतीकडे सरकलेलं असतं. हे आम्हाला दिसत होतं. आम्हाला ते सोयीचं वाटलं.)

घर एकदम शांत झालं. आम्ही दोघं चहा घेऊन बसलो, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. नर्सबाई आभार मानून गेल्या. माझे गणवेश वेळेआधी शिवून झाले. बाबा आता छान शांत पडलेले असतात असं मी चार जणींना सांगितलं.

वन्सं, ते शांत पडलेले नव्हते. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीला जखम झाली. ठरल्या वेळांना मी वळवत होते, पुसत होते, पण ठरलेल्या वेळांच्या मधे काय होत होतं ते मला कळत नव्हतं, आणि मधे काही होत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, ओल्यात पडून राहतायत. मी त्यांच्याशी भांडले, माझ्या स्वच्छतेवर बोलायचं काम नाही म्हणाले. मग बाबांनी तोंड मिटून घेतलं. चमचा ओठाशी नेला की मान फिरवायची. पातळ केलं, गाळून दिलं, काही नाही. कवळी टोचत असणार असा आम्ही निष्कर्ष काढला, कारण तो आम्हाला परवडणारा होता.

कळलं ते असं. एका दुपारी कापड बेतताना मला टेबल हादरल्याचा आवाज आला. आत गेले तर बाबा डाव्या हाताने माउस आपटत होते. समोर गादीवाल्याचं पान, चित्र गोठलेलं, बाईचं तोंड अर्धवट उघडं. चादर ओली. ती बदलून मी परत आले, आणि थोड्या वेळाने पुन्हा आपटण्याचा आवाज, पुन्हा तेच पान, आणि या वेळी कूस अवघडलेली. मला कोण जाणे काय वाटलं, मी स्वतः तो त्रिकोण दाबला. ‘झोपा हो झोपा’ सुरू झालं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. महिनोन्महिने मी आत जात होते ती जाहिरात बंद करायला, अशी माझी समजूत. ते मला बोलावत होते. गादी म्हणजे चादर आणि कूस. फिल्टर म्हणजे पाणी. हवामान म्हणजे खिडकी, उघडा नाहीतर लावा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणार कसे? आम्हालाही कळलं नव्हतं. तरी सगळं बरोबर चाललं होतं, कारण आवाज आला की मी चिडून का होईना पण उठत होते. आम्ही त्यांची बोलती दुसऱ्यांदा बंद केली. पहिल्यांदा निदान रोगाने केली होती.

हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बूट न काढता आधी लाल घंटा भिंतीवरून उपसली आणि पलंगाच्या कडेला, डाव्या हाताशी बसवली. बाबांनी तिला हात लावला नाही, अजून लावत नाहीत. मला वाटतं, घंटा नुसती बोलावते, काय हवं ते सांगत नाही, आणि बाबांनी जन्मात कधी नुसती घंटा वाजवली नाही. कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, तेही सांगितलं. मग हे पुन्हा सेटिंगमध्ये उतरले. सगळ्यांना बंदी तशीच ठेवून एकेका पानाला सूट देता येते, असं निघालं. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या खुणेवर टिचकी मारायची आणि त्या पानापुरतं ‘वाजू द्या’ करायचं. गादीवालीला परवानगी मिळाली. फिल्टरला मिळाली. हवामानाला मिळाली. भांडणाच्या पानाला हे देईनात, ते कशाला हवंय म्हणाले, पण मी भरीला पडले आणि दिली. दुसऱ्या दिवशी हे बाबांना औषध किती वाजता, कसं, कशाबरोबर यावर भाषण द्यायला लागले, आणि बाबांनी शांतपणे माउस ढकलून भांडण लावलं. दहा माणसं एकदम ओरडायला लागली. हे गप्प. बाबांचा चांगला राहिलेला अर्धा ओठ हलला. तुम्ही बघायला हवं होतं. पलंग आता पुढच्या खोलीत आणलाय, तिथे खाली नर्सबाईंचं स्वयंपाकघर येतं, तेव्हा त्यांच्या झोपेचीही सोय झाली.

म्हणजे राहिली कवळी. ती टोचत नसावी, कारण फिल्टर आणि गादी परत आल्यावर बाबा दोन चमचे घ्यायला लागलेत. दोनच. तिसऱ्याला तोंड बंद. हिरडी बसल्यामुळे सैल झाली असेल का, आणि इथल्या कुणाकडून बसवून घेतली तर तुमचा अपमान होणार नाही ना, एवढंच विचारायचं होतं. तुमचा व्याप मला माहीत आहे. धावपळ करून यायची मुळीच गरज नाही. इकडे सगळं व्यवस्थित आहे. भाऊजींना नमस्कार, आणि अंगठ्याऐवजी दोन ओळी लिहिल्यात तर मी त्या बाबांना वाचून दाखवेन.

तुमची,
सुयांनी टोचलेल्या बोटांची भावजय

ता. क. कवळीचं मी उगाच लिहिलं. ती नीट बसते. लिहायचं होतं ते पाचव्या चौकोनाबद्दल. तुमच्या दवाखान्याचं पान उघडलं की तुमचा व्हिडिओ सुरू व्हायचा, आठवतो ना? पांढरा कोट घालून तुम्ही म्हणायचात, ‘नमस्कार. या, बसा. घाबरू नका, आधी मी नुसतं बघणार आहे.’ तो वाजला की कवळी टोचतेय वाटून मी धावत जायची, आणि बाबा डाव्या हाताने मला ‘जा’ करायचे. भांडणाचं सोडलं तर बाकीच्या पानांवर ते मला बोलवायचे. या एका पानावर त्यांना मी नको असायची. दुपारचा औषधाचा डोस झाला की ते हे पान लावायचे, संपलं की पुन्हा लावायचे. आम्ही त्यालाही परवानगी दिली, पण वाजेना. सेटिंग चुकलं म्हणून तुमच्या बंधूंनी अख्खी दुपार घालवली. सेटिंग बरोबर आहे. मधल्या काळात तुम्हीच पान नवीन केलंत, व्हिडिओ काढलात, आता तिथे कुणा परक्या बाईचे हसरे दात आहेत आणि वेळ ठरवण्याचं बटण आहे. बाबा रोज ते पान उघडतात आणि वाट बघतात. मग माझ्याकडे बघतात, मीच बंद केलंय असं समजून. आपणहून वाजणारं पेशंटना आवडत नाही, हे मला मान्य आहे. पण तो व्हिडिओ परत लावा. एवढंच माझं मागणं आहे, बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. तुमच्या बंधूंनी पत्र वाचलं. शुद्धलेखन तपासतो म्हणून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही. ‘जिन्यातलं माझं चुकलं असं लिही’ म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. पेन घेऊन बसले होते, मग लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि गेले. कागदावर ‘ताई’ एवढंच लिहिलंय. तो कागद सोबत ठेवते.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात डॉक्टर आले. जखम आत गेली आहे आणि ताप उतरत नाही. त्यांनी औषध बदललं नाही. हात धुताना फक्त विचारलं, लेकीला कळवलंत का. ताई, मी आता हे कुरिअरने पाठवते आहे. व्हिडिओचं राहू द्या, तो लावायला माणूस शोधाल, त्यात वेळ जाईल. तुम्हीच निघा. तुम्ही आलात की पिशवी खाली ठेवायच्याही आधी तुमचं बोलणं सुरू होतं, कुणी काही विचारलेलं नसतं आणि कुणाला ते थांबवता येत नाही. आजवर मी त्याला नाकं मुरडली, स्वयंपाकघरात जाऊन यांच्यापाशी तुमची नक्कल केली. मला तेच हवंय. कळवू नका, फोन करू नका. दारात या आणि बोलायला लागा.